काळीशेजारी काळी

वैशाखात आमच्या वस्तीवर बराखी भरायला लागल्या, की माझ्या नाकात दोन वास एकदमच शिरतात. पहिला कांद्याचा. तो सगळ्यांनाच येतो. पात कापून सावलीत वाळवलेला कांदा पाटी-पाटीनं बराखीत ओततात, ती लांबोडी, जाळीच्या भिंतींची, दोन्ही अंगांनी वारा खेळणारी खोली गळ्यापर्यंत भरत जाते आणि सुटलेली तांबूस टरफलं अंगणभर उडत राहतात. दुसरा वास राळेचा. तो मला एकटीलाच येतो. सोल्डरिंगचं तापलेलं टोक राळेला लागलं की निळसर धुराची एक रेघ उठते आणि देवळात कुणी ऊद जाळावा तसा वास पसरतो, त्याहून जरा कडवट. आता बराखीत राळ कुठली आलीय? नात म्हणते, “आजी, तुझं नाक म्हातारं झालं.” झालं असेल. गुडघे म्हातारे झाले, डोळे झाले, नाकानं एकट्यानंच तरुण राहायचा काय मक्ता घेतलाय?

पण मला ठाऊक आहे, हे नाकाचं काम नाही. हे त्या एका उन्हाळ्याचं काम आहे. शिमगा ते मिरीग, म्हणजे पाऊस लागेस्तोवर, एवढाच तो हंगाम. त्यात आमच्या घरात कांदा भरला गेला, ह्यांचे डोळे गेले आणि मला कॉम्प्युटर उघडायची गोडी लागली. तिन्ही गोष्टी अशा एकीत एक मिसळल्यात, की वेगळ्या करायला गेले तर हाताला नुसती टरफलं लागतात.

हे म्हणजे आमचे मालक. फाट्यावर सगळे त्यांना दत्तूभाऊ म्हणायचे. आळेफाट्याला दोन मोठे रस्ते एकमेकांना कापतात, तिथं मागच्या ओळीत आमचा गाळा. आधी रेडिओची दुरुस्ती, मग टीव्हीची, आणि नव्वदचं दशक सरता सरता पाटीवर खाली वेगळ्याच रंगात ‘कॉम्प्युटर’ असा शब्द आला. पुण्याला बुधवार पेठेतल्या एका कारागिराकडं एसटीनं जाऊन-येऊन हे ती विद्या शिकले होते. पण जीव रेडिओवर. खोडदला त्या थोरल्या पांढऱ्या थाळ्या उभ्या राहत होत्या, तेव्हा सायकल मारत बघायला जायचे आणि येऊन मला सांगायचे, “अगं, आभाळाचा रेडिओ हाय त्यो. दुर्बीण म्हंत्यात, पर डोळा न्हाई तिला. नुसता कान.”

मी ‘हो का’ म्हणून भाकरी उलटायचे.

तेव्हाची मी म्हणजे एक नगच होते. चाळिशी उलटलेली, दोन पोरींची लग्नं झालेली, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी पक्की खात्री. कॉम्प्युटरबद्दल माझं मत ठाम होतं: हा एक बिघडलेला टीव्ही आहे, आणि चित्र काही केल्या येईना म्हणून त्यावर अक्षरं दिसतात. हे मत मी शेजारणींना पाण्याच्या टाकीवर समजावून सांगितलं होतं, आणि त्यांना ते पटलंही होतं. आज कुणी बाई दुकानात येऊन अशी फुशारकीनं बोलायला लागली, की मी तिला आधी चहा पाजते. ती माझी नातेवाईक लागते.

त्या शिमग्याला मी दुपारचा डबा घेऊन गाळ्यावर गेले, तर हे कॉम्प्युटरची एक पेटी उघडून तिच्यासमोर नुसते बसलेले. हात हवेत. डबा ठेवताना बोटांकडं लक्ष गेलं. टोकांना पांढरे, काळे चट्टे.

“हे काय?”

“डाख सांडला.”

वितळलेल्या कथलाचा डाख ह्यांच्या हातून कधी सांडत नसे. सुतासारखा बारीक डाख देणारा माणूस. मी काही म्हणणार, तोच म्हणाले, “बस जरा. ह्या काळ्या किड्यावर काय लिवलंय, वाच.”

पेटीतल्या हिरव्या पाटीवर पुष्कळ पायांचे काळे किडे चिकटवल्यासारखे बसले होते. त्यातल्या एकावर बोट ठेवायला गेले, ते शेजारच्यावर पडलं. मग त्याच्या शेजारच्यावर. मी सातवी पास. इंग्रजी अक्षरं ओळखायची, पण त्यांचे शब्द होत नसत. इथं तर शब्द नव्हतेच. नुसती अक्षरं आणि आकडे, माझ्यासारखीसाठीच लिहिल्यागत. मी वाचलं. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं. मग मला कळलं, ते किड्याकडं बघतच नव्हते, माझ्या आवाजाकडं बघत होते.

“कवापासनं?” मी विचारलं.

“दिवाळीपासनं. पाइपातनं बघितल्यागत दिसतंय. पाइप बारीक व्हत चाललाय.”

काचबिंदू. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं ते एवढंच, की गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येणार नाही. माझा धाकटा दीर मायेचा माणूस. त्यानं संध्याकाळी अंगणात विषय काढला. “वैनी, गाळा भाड्यानं देऊ. दादाला घरी बसू द्या आरामात. बराखीपाशी खाट टाकू, राखण बी हुईल.” त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. नंतर मी अंथरूण घालत होते, तेव्हा हे म्हणाले, “काय बी कर, पर मला राखणीला बसवू नको. ज्याला दुसरं काई येत न्हाई, त्याला राखणीला बसवत्यात.”

दुसऱ्या दिवशी दोघांची भाकरी एकाच फडक्यात बांधून मी त्यांच्यासोबत फाट्याला जाणाऱ्या जीपमध्ये चढले. भाऊजींना सांगितलं, हिशेबाला बसते. कसलं डोंबलाचं हिशेबाला.

हात माझे, डोळे माझे, डोकं त्यांचं, असं ते दुकान चालायला लागलं. गिऱ्हाईक समोर असलं, की हे पेटीवर हात फिरवत राहायचे आणि मी पान्हा-पक्कड देणारी बायको असल्यासारखी कडेला उभी. गिऱ्हाईक गेलं, की मी पुढं. आणि मग आमची भाषा सुरू व्हायची. मला त्यातली नावं येत नव्हती, त्यांना ते दिसत नव्हतं. मधल्या मध्ये माझं स्वयंपाकघर कामाला यायचं.

“काय दिसतंय?”

“मधी एक चौकोनी बर्फी हाय. तिच्यावर पंखा.”

“प्रोसेसर त्यो. अजून काय?”

“बाजूला बारके डबे हायेत, उभे. त्यातल्या दोगांची डोकी फुगलीत.”

“पुरीगत?”

“न्हाई ओ. थालीपिठाला मधीच फोड येतो तशी. आन् एकाच्या डोक्यावर तपकिरी काईतरी वाळलंय. गूळ उतू गेल्यागत.”

“मेलं मंग ते,” हे म्हणाले, आणि इतके खूश झाले, की कुणाला वाटावं घरात बारसं आहे. “कपॅसिटर गेलेत. दोन्ही काढ. मी सांगतो तसं.”

मी काढले. राळेचा धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं. बसवताना एक उलटा बसवत होते. त्यांनी नुसतं विचारलं, “पांढरी पट्टी कुठल्या अंगाला आली?” आणि मी गपकन हात मागं घेतला. त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये मी अशी बसले होते, जशी काही ती पेटी मीच जन्माला घातली.

ही ऐट फार दिवस टिकली नाही. चैत्रात फाट्यावर अर्ज टाइप करून देणारा एक जण आपला कीबोर्ड घेऊन आला. त्यात चहा सांडला होता. हे म्हणाले, वरचे खटके उपसून धू आणि वाळव. मी तो घरी आणला. खटके रिठ्याच्या पाण्यात घोळले आणि अंगणात कुरडयांच्या खाटेवर एका कोपऱ्यात उन्हाला घातले. कावळ्याची राखण केली. वाळल्यावर बसवायला घेतले, तर माझ्या ध्यानात आलं, की आधी कुणीतरी ते भलत्याच ओळीनं बसवले होते. क्यूशेजारी डब्ल्यू? असं कुठं असतं? मला त्या आधीच्या कारागिराची कीव आली. मी बसून सगळे नीट, ए बी सी डी अशा क्रमानं लावले. वर फडक्यानं पुसले.

दुसऱ्या दिवशी तो बिचारा परत. “वैनी, नाव लिवाया गेलो तर भलतंच उमटतंय.”

ह्यांनी मला विचारलं, मी काय केलं. मी अभिमानानं सांगितलं. हे हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग सगळी खुर्ची. तो अर्जवाला हसला, शेजारचा पंक्चरवाला कशाला हसतात ते न कळता हसला. त्या उन्हाळ्यात हे असे मोकळे हसले ते तेवढंच एकदा. मग डोळे पुसून टेबलावर दहा बोटं ठेवली आणि, जसं काही समोर कीबोर्ड आहेच, तशी एकेका बोटानं जागा दाखवत मला खरा क्रम सांगत गेले. त्यांची बोटं लाकडावर वाजत होती. मी खटके बसवत होते. त्या बोटांना सगळं दिसत होतं.

मला पुष्कळदा विचारतात, तुम्हाला ह्या कामाची आवड कशी लागली हो? वर्तमानपत्रातल्या मुलींसारखं काहीतरी उत्तर द्यावं असं वाटतं. पण खरं असं आहे, की तोवर मी कुठलीही गोष्ट कामापुरतीच बघितली होती. दूध वर आलं का, पोरीचं अंग तापलंय का, भाकरीला पापुद्रा सुटला का. बघितलं, हात पुढं केला, झालं. कुणी मला कधी ‘अजून काय?’ असं विचारलं नव्हतं. ह्यांनी विचारलं. एक गोष्ट सांगितली की म्हणायचे, अजून काय? मग मला परत बघावं लागायचं, आणि परत बघितलं की खरंच आणखी काहीतरी असायचं. पाटीवरची एखादी केसाएवढी तांब्याची वाट तुटलेली. एखादा पाय काळवंडलेला. धुळीत कोळ्यानं बांधलेलं घर. दुसऱ्यासाठी बघायला लागल्यावर मला दिसायला लागलं. ह्याला आवड म्हणायचं तर म्हणा. मला अजून त्याचं नीट नाव माहीत नाही.

पुढं पुढं ते दुकानाबाहेरही सुरू झालं. जीपमधून येता-जाता ते गुडघ्यानं माझ्या गुडघ्याला हलकेच ढकलायचे आणि मी हळू आवाजात सांगत बसायचे. टोमॅटोचा टेम्पो चाललाय, वर एक माणूस झोपलाय. उसाला पाणी दिलंय, बगळे आलेत. तुमच्या चुलत्याच्या बराखीवर नवा पत्रा टाकलाय. “अजून काय?” आणि त्यांच्या बायकोनं तुमच्याकडं बघून तोंड फिरवलं. “मग बराबर हाय घर,” हे म्हणायचे.

त्याच चैत्रात आम्ही वर डोंगरात गेलो होतो. आंबेगाव तालुक्यात, आहुप्याच्या अंगाला, एका शाळेला कुणीतरी जुना कॉम्प्युटर दिला होता आणि तो चालत नव्हता. खाली आणायला गाडी नाही, म्हणून आम्हीच गेलो. घोडेगाववरून एसटी डिंभ्याच्या धरणाच्या कडंकडंनं वर चढत जाते. मी वळणावळणाला पाणी सांगत होते: आता डाव्या हाताला, आता खाली गेलं, आता नाही, आता परत. शाळेत गेलो. पेटीवर मास्तरांनी मायेनं गोधडी घातली होती, थंडीवाऱ्यापासून जपायला. गोधडी काढली, पेटी उघडली.

“काय दिसतंय?”

“घरटं.”

“कुणाचं?”

“उंदराचं. गोधडीच्याच चिंध्या हायेत. वायरी कुरतडल्यात.”

“पिल्लं हायेत का आत?”

“न्हाईत. गेलीत.”

“मग काढ सावकाश.”

वायरी जोडल्या, साफ केलं, मशीन चालू झालं. पोरं गोळा होऊन बघत राहिली. एक शेंबडी पोर मला म्हणाली, “बाई, तुमी डाक्टर का?” मी हो म्हटलं. कशाला नाही म्हणू.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून देवराईच्या कडेला बसलो. त्या राईतली फांदी कुणी तोडत नाही, वाळकं लाकूडसुद्धा उचलत नाही. आत भर उन्हात संध्याकाळ असते. हे एका मोठ्या मुळाला टेकले. बाहेर बायका हिरडा वाळत घालत होत्या, त्यांचं बोलणं लांबून येत होतं.

“काय दिसतंय?”

“झाडं. सावली.”

“सावली मला बी कळती. तिच्यात काय हाय?”

मी बघत राहिले. पुष्कळ वेळानं मला एक पान दिसलं. फांदीवरून सुटलेलं, पण खाली न पडलेलं. कोळ्याच्या एका धाग्याला अडकून ते हवेतच होतं, स्वतःभोवती फिरत. मी ते सांगितलं. कुठल्या बाजूनं फिरतंय तेसुद्धा सांगितलं. ह्या वेळी हे ‘अजून काय’ म्हणाले नाहीत.

“सुभद्रे,” ते म्हणाले. नावानं ते मला क्वचितच हाक मारत. “आज सकाळपासनं पाइप बी न्हाई.”

“म्हंजे?”

“म्हंजे ऊन हाय का सावली हाय, एवढं कळतंय. बाकी न्हाई.”

दिवसभर त्यांनी मला हे सांगितलं नव्हतं. एसटीत चढले, माझं पाणी ऐकलं, शाळेत उंदराच्या पिल्लांची चौकशी केली, पोरांना हात लावून त्यांची डोकी मोजली आणि त्यातलं काही म्हणजे काही त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरला. इतरांसमोर कधी धरला नसता, पण तिथं झाडांशिवाय कोण होतं. त्यांनी तो थोडा वेळ ठेवू दिला आणि मग सोडवून घेतला. “दुकानात कुणाला बोलू नको. तू हायेस की बघाया.”

मी होते. पण आता वेगळीच अडचण येऊ लागली होती.

मला कळायला लागलं होतं. वैशाख लागेस्तोवर पेटी उघडली की त्यांनी विचारायच्या आधीच मला बिघाड दिसायचा. मेमरीची पट्टी सैल आहे, पंखा अडकलाय, घड्याळाचा सेल मेलाय. हात आपोआप तिकडं जायचा आणि मी तो मागं ओढायचे. कारण मी आपली आपण दुरुस्ती करायला लागले, तर त्या खुर्चीत बसलेल्या माणसानं करायचं काय? म्हणून मी बावळटपणा करायला लागले. त्यात मला कष्ट फार पडले नाहीत, सराव जुना होता. कळलेलं असायचं, तरी मी गुळाची, थालीपिठाची वर्णनं करत बसायचे. त्यांना शोधू द्यायचे. ते चाचपडत, विचारत, तर्क करत बिघाडापाशी पोचले, की चेहरा असा उजळायचा. मी म्हणायचे, “बाई, तुमाला कसं वो कळलं?”

एक प्रश्न तर मी मुद्दाम राखून ठेवला होता. तेव्हाच्या जुन्या पेट्यांत वीजपुरवठ्याच्या डब्यातून दोन चपटी टोकं यायची, दिसायला जुळी. ती हिरव्या पाटीवर शेजारी शेजारी खोचायची. कशीही खोचली तरी बसत. पण नियम असा, की दोन्हींतल्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलटं झालं, काळ्या बाहेरच्या टोकांना गेल्या, तर चालू करताच पाटी जळून खलास. हा त्यांनी मला शिकवलेला पहिला धडा. शाळेतल्या पोरीसारखा घोकून घेतला होता: काळीशेजारी काळी. आणि मी दर वेळी हमखास विचारायचे, “काळ्या कुठं येत्यात वो?” आणि हे हमखास तापायचे. “किती येळा सांगायचं गं तुला? डोस्क्यात काय कांदे भरलेत? काळीशेजारी काळी.” ते ओरडणं ऐकून मला किती बरं वाटायचं, ते सांगायची सोय नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी ते असं बोलले असते, तर मी माहेरी निघून गेले असते.

मिरगाला थोडे दिवस राहिले असताना फुलचंदशेठ आपली पेटी घेऊन आले. शेठ कांद्याचे आडते. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून इथं येऊन दुकान टाकलं. शेठची मराठी माझ्यापेक्षा गावरान. बाजारात कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि त्यांचं मशीन बंद.

“दत्तूभाऊ, लाइट आली, गेली, परत आली, आन् फट् झालं बघा. आता शेतकरी दारात उभं हायेत. ही पेटी गेली तर माजा हंगाम गेला.”

आमच्याकडं वीज येते म्हणजे सगळ्या शेतांतल्या मोटारी एकदम सुरू होतात, दाब खाली बसतो आणि मग मध्येच उसळी मारतो. त्या हंगामात किती पेट्या त्यानं खाल्ल्या. मी झाकण काढलं. आत तांबूस टरफलांचा थर. पंख्यात, कोपऱ्यात, पाटीवर.

“शेठ, तुमी ह्यात बी बराख भरलीय,” मी म्हटलं.

“वैनी, आमच्या चहात बी टरफल असतंय. तुमी पेटीचं काय घिऊन बसला.”

सायकलच्या पंपानं टरफलं उडवली. वीजपुरवठ्याचा डबा जळालेला. वास घेतल्याबरोबर ह्यांनीच सांगितलं. नवा डबा होता आमच्याकडं. तो बसवला, स्क्रू आवळले आणि ती दोन जुळी टोकं हातात घेतली. शेठ टेबलाला टेकून उभे. मी नेहमीप्रमाणं विचारलं, “काळ्या कुठं येत्यात वो?”

मी ओरडा खायला तयारच होते. हे तापले नाहीत. शांतपणे म्हणाले, “काळ्या बाहेर. दोन्ही टोकांना.”

माझा हात थांबला.

मी त्यांच्याकडं बघितलं. चेहरा नेहमीसारखा, जरा वर उचललेला, खिडकीच्या उजेडाकडं. ‘अहो, असं नाही’ म्हणायचं, तर शेठसमोर. फाट्यावर संध्याकाळपर्यंत झालं असतं, की दत्तूभाऊला आता आठवत नाही, बायकोच सगळं करते. आणि म्हणायचं नाही, तर शेठची पेटी माझ्या हातानं जाळायची.

मी टोकं खोचली. काळीशेजारी काळी.

“लावल्या?”

“लावल्या.”

“मी सांगितल्या तशा?”

“तशाच.”

“मंग कर चालू.”

मी बटण दाबलं. पंखा फिरला, आणि पेटीच्या पोटातून एक बारीकशी शिट्टी आली. एकच. सगळं नीट असलं की मशीन एकदाच अशी शिट्टी देतं. काळ्या बाहेर असत्या, तर शिट्टी आली नसती, धूर आला असता. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

शेठनं हात जोडले. हे म्हणाले, “न्या शेठ. गाड्या उभ्या असतील.” शेठ पेटी उचलून गेले. गाळ्यात आम्ही दोघं. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्यानं सगळी कपाटं थरथरली. मी उगाच स्क्रू गोळा करत राहिले.

मग ते म्हणाले, “बरं लावलंस.”

मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, “चहा सांगू का?” एवढ्या मोठ्या बाईला तेवढंच सुचलं.

त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. दुकान आहे. पेट्या पातळ झाल्या, ती जुळी टोकं आता कुणाला दाखवायलासुद्धा मिळत नाहीत. माझ्याच डोळ्यावर जाड भिंग चढलंय. पण कांदा भरायला लागला, की मी त्या दुपारपाशी जाऊन बसते. ते विसरले होते का? डोळ्यांमागोमाग ती विद्याही निघाली होती का हातातून? की त्यांना केव्हाचं कळलं होतं, माझं ते ‘बाई, तुमाला कसं वो कळलं’ त्यांना आधीपासून पोकळ ऐकू येत होतं, आणि त्यांनी एकदाच खुंटा हलवून बघितला? काही दिवस मला पहिलं खरं वाटतं, काही दिवस दुसरं. पहिलं खरं असेल, तर त्या शिट्टीनं त्यांना त्यांची चूक ऐकवली. दुसरं असेल, तर माझी लबाडी ऐकवली. दोन्हींत मी तिथं उभी राहून चहा विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी बांधली. हे नेहमीसारखे अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, पायात पट्ट्याच्या चपला चढवून ओट्यावर बसले होते. जीपचा हॉर्न वाजला. मी म्हटलं, “चला.”

ते उठले नाहीत.

“तू हो फुडं,” ते म्हणाले. “तुझं अडत न्हाई आता.”

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडणात मी कधी मागं नव्हते. मी म्हटलं, “अहो, मला एकटीला कसं...” पण ते वाक्य माझ्याच कानाला इतकं खोटं लागलं, की शेवटचा शब्द तोंडातच राहिला. त्यांनी मान नुसती थोडी हलवली, पोर खोटं बोलताना सापडलं की आपण हलवतो तशी.

मग ते वाकले आणि चपला सोडायला लागले. एका पायातली निघाली. दुसरीचा पट्टा वळून आत गेला होता, बक्कल बोटांना सापडेना. ड्रायव्हरनं परत हॉर्न दिला. मला ते बक्कल दिसत होतं. वाकले असते तर माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

मी वाकले नाही. फडकं छातीशी धरून उभी राहिले आणि त्यांची बोटं घोट्याभोवती फिरत, चुकत, परत येत बक्कलापर्यंत पोचेस्तोवर बघत राहिले. पट्टा सुटला. त्यांनी दोन्ही चपला उचलून भिंतीशी नीट, शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मी जीपमध्ये जाऊन बसले.